जत्रेत प्रयोग होतात, पण मानधन येत नाही: माझा अनुभव

गोव्यात फोंडा, डिचोलीकडच्या जत्रांत माझ्या छापील नाटकाचे प्रयोग व्हायचे, हातात मात्र काहीच नाही. मंडळांना फोन केले, प्रकाशकाला तीनदा विचारलं. 'पुस्तक विकत घेतलंय ना?' एवढंच उत्तर. फार जिवाला लागलं.

शेवटी करार काढून वाचला. त्यात फक्त छपाईचे हक्क होते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ नुसार प्रयोगाचा हक्क वेगळा. लेखी दिला नसेल तर तो लेखकाकडेच. प्रयोगाचा हक्क माझ्याकडेच आहे, हे आधी प्रकाशकाकडून लेखी घेतलं. मग नव्या आवृत्तीत पात्रांच्या यादीवरच छापलं: 'प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक', खाली फोन. आता पैसे जमा झाल्यावरच क्रमांक घातलेलं परवानगीपत्र देतो. वहीत तारीख, गाव, मंडळ, रक्कम. जत्रांची हँडबिलं जमवून वहीशी ताडून पाहतो.