मलप्रभेवर दोन आठवडे: भाषा आणि परिसराचा एकत्र पाठ कसा आखावा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या चौथी-पाचवीच्या वर्गाला विषय शोधायला लांब जायला नको. मलप्रभा आहेच. पण ‘नदीची माहिती’ असा विषय दिलात, तर मुलं पुस्तकातलं उतरवून आणतात आणि वर विकतचं चित्र चिकटवतात. माझं पहिल्या वर्षी तेच झालं. त्यापेक्षा एकच प्रश्न फळ्यावर लिहा: इथलं पाणी पुढं कुठं जातं?

पहिले दोन दिवस नकाशाचे. आधी मुलांना आठवेल तशी नदी काढू द्या, मग जिल्ह्याचा नकाशा उघडा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला जाते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. म्हादई याच तालुक्यात देगावजवळ उगम पावते, पण पश्चिमेला गोव्याकडे वळते. एका तालुक्याचं पाणी दोन समुद्रांना! हे तुम्ही सांगू नका, त्यांचं बोट फिरू द्या.

मग मुलाखती. घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचे पाच प्रश्न प्रत्येकानं लिहायचे. ‘पूर आला होता का?’ याला ‘होय’ म्हटलं की बोलणं संपतं. ‘पूर आला तेव्हा गुरं कुठं नेली?’ असं विचारलं की आजी तासभर बोलते. उत्तर तिच्याच बोलीत उतरवायचं, शुद्धलेखन नंतर.

या घटकाचा खरा जीव पुढच्या तीन दिवसांत आहे. मुलांना प्रत्येक वाक्यापुढं खूण करायला लावा: पाहिलं, ऐकलं की वाचलं? आपल्या मराठीत यासाठी सुंदर सोय आहे. ‘पाणी देवळापर्यंत आलं होतं’ आणि ‘पाणी देवळापर्यंत आलं होतं म्हणे’, या दोन वाक्यांतला फरक कळला की भाषेचा आणि इतिहासाचा धडा एकदमच होतो. दोन आजींचं जुळलं नाही तर दोन्ही लिहायचं.

भिंतीवर दुभाषी तक्ता हवाच: नदी–होळे, पाणी–नीरु, तळं–केरे. कानडी घरातली मुलं इथं गुरुजी होतात. नदीकाठची फेरी पावसाळ्यात नको, आणि पालक सोबत घ्या.

शेवटी वर्गाची हस्तलिखित पुस्तिका. तपासायची तुम्ही नव्हे, मुलाखत दिलेल्यांनी. त्यांना शाळेत बोलवा, मुलांना मोठ्यानं वाचू द्या. ‘अगं, असं मी म्हटलंच नव्हतं’ असं कुणी आजी म्हणालीच, तर ते पान पुन्हा लिहायला एक दिवस राखून ठेवा.