दुखण्याची गोळी स्वस्तात कशी घ्यायची: काउंटरच्या आतल्या बाजूने

मेडिकलमध्ये येऊन "डोकं धरलंय, एक चांगली गोळी द्या" असं कधी म्हणू नका. 'चांगली' म्हटलं की समोरच्याचा हात जाहिरातीतल्या नाहीतर जास्त मार्जिनच्या गोळीकडे जातो. मी डी.फार्म. झालेय, कराडात आमचं छोटं मेडिकल आहे, तेव्हा हे जरा घरभेदीपणाचंच बोलणं आहे. मागायचं ते असं: "पॅरासिटामॉल ५००, साधी." बस.

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो या सगळ्यांच्या पोटात तेच पॅरासिटामॉल आहे. फरक ताकदीचा, म्हणजे कुणी ५०० मिलिग्रॅम, कुणी ६५०. स्ट्रिप उलटी करा. एकाच औषधाची गोळी असेल तर औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं, असा २०१८ पासून नियम आहे. त्याच्या पुढे 'आय.पी.' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, इंडियन फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी ग्रंथाने, ठरवलेल्या कसोटीला ती गोळी उतरली पाहिजे: औषध किती असावं, पाण्यात किती वेळात सुटावं, सगळं. ही कसोटी ब्रँडला वेगळी आणि जेनेरिकला, म्हणजे नामांकित ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने विकल्या जाणाऱ्या गोळीला, वेगळी अशी नाही.

आता खरी गोष्ट सांगते. साध्या पॅरासिटामॉलमध्ये तुमची फार बचत होणार नाही. ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यामुळे नामांकित ब्रँडची ६५०ची गोळीसुद्धा दोन-सव्वादोन रुपयांच्या आसपासच राहते. जेनेरिक त्याहून स्वस्त, पण महिन्याला दोन-चार गोळ्या खाणाऱ्याला त्याचं काय! आमच्या सासूबाईंना एका ठरावीक ब्रँडशिवाय डोकं उतरलंय असं वाटतच नाही. त्यांना मी तीच देते. दोन रुपयांसाठी घरात वाद कोण घालणार?

पैसे जातात ते दुसरीकडे. पॅरासिटामॉलमध्ये थोडं कॅफीन घातलं की ती गोळी त्या यादीतून बाहेर पडते. मग किंमत कंपनी ठरवते आणि वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. स्ट्रिपवर 'कॅफीन ५० मिलिग्रॅम' दिसलं तर एवढंच लक्षात ठेवा की कपभर कडक चहात साधारण तेवढंच असतं. साधी गोळी घ्या, वर चहा प्या.

आणि जेल. गुडघे, कंबर, मान दुखणारे लोक ट्यूबमागून ट्यूब नेतात, आणि जेनेरिकचा खरा फायदा इथे आहे. जाहिरातीतल्या बहुतेक जेलमध्ये मुख्य औषध डायक्लोफेनॅक डायइथिलअमाइन, १.१६ टक्के. सोबत मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल आणि जवसाचं तेल. झणझणतं आणि गार लागतं ते मेंथॉल-सॅलिसिलेटमुळे. गिऱ्हाईक ब्रँड ओळखतं ते त्या झणझणीवरून, आणि जेनेरिक ट्यूबमध्येही तेच घातलेलं असतं. दोन ट्यूब शेजारी ठेवा, चारही नावं आणि टक्के जुळवून बघा, मग ग्रॅम बघा, कारण १५ ग्रॅमची किंमत ३०च्या ट्यूबशी ताडून काही कळत नाही. जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या जेनेरिक औषधांच्या दुकानात, हे जेल निम्म्याहूनही कमी किमतीत मिळू शकतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर मात्र सॅलिसिलेटवालं जेल नको, आणि जखमेवर तर कुठलंच नको.

जनऔषधी केंद्रं २००८पासून आहेत. तिथे छापील किंमतच खरी. बाहेरच्या मेडिकलात जेनेरिक घेताना डोळे उघडे ठेवा. कित्येक जेनेरिकांवर एमआरपी ब्रँडच्या जवळपास छापलेली असते आणि दुकानदाराला ती फार कमी भावात पडलेली असते. तिथे "किती सोडताय?" असं बेलाशक विचारा. आम्हाला राग येत नाही, सवय आहे.

"स्वस्त म्हणजे दुय्यम असणार" ही शंका मला रोज ऐकावी लागते. केंद्रीय औषध नियंत्रक दर महिन्याला चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढतात. त्यात अनोळखी कंपन्या असतात, तशी नावाजलेली नावंही येऊन गेली आहेत. त्या कंपन्यांचं म्हणणं असं की तो माल आमचा नव्हे, बनावट होता. म्हणजे ब्रँडची नक्कलही होतेच. म्हणून बिल घ्या, बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी जुळतो का बघा. गोळी ओलसर, डागाळलेली किंवा भुगा झालेली असेल तर परत करा, मग ती कुणाचीही असो.

पैशापेक्षा मला काळजी दुहेरी डोसची वाटते. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयब्युप्रोफेन ४००च्या जोडीला पॅरासिटामॉल ३२५ असतं. माणूस सकाळी सर्दीची, दुपारी अंगदुखीची, रात्री तापाची अशी तीन नावांची गोळी घेतो आणि एकच औषध तीनदा पोटात जातं. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही शेवटची हद्द आहे. रोज दारू घेणारा, यकृताचा त्रास असलेला किंवा अगदी किरकोळ अंगाचा असेल तर त्याच्याही बरंच आधी थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं. डेंग्यूच्या दिवसांत ताप असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. अल्सर, किडनीचा आजार, गरोदरपण यातही ती मनाने घ्यायची नाहीत.

लहान मुलांच्या सिरपचा ब्रँड बदलताना तर बाटली दोनदा वाचा. ५ मिलिलिटरमध्ये कुठे १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, कुठे २४० किंवा २५०. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १००. "मागच्या वेळेसारखं एक टोपण" म्हणून दुसऱ्याच बाटलीतलं पाजलं तर डोस दुप्पट होऊन बसतो. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या, म्हणजे कुठलीही बाटली चालेल.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर आम्हाला तो परस्पर बदलून देता येत नाही. दवाखान्यातच "जेनेरिक चालेल का?" विचारून तसं लिहून घ्या.

आणि चारच गोळ्या कापून नेत असाल तर ज्या टोकाला एक्सपायरी छापलीय तो तुकडा मागा. दुकानदार तो आपल्याकडे ठेवू बघेल, त्यालाही उरलेल्या गोळ्या विकायच्या असतात. तसं झालं तर मोबाइलवर स्ट्रिपचा फोटो काढून मगच गोळ्या पिशवीत टाका.