नॉर्वेच्या किनाऱ्यावरची आलिशान क्रूझ : या चुका टाळा

नॉर्वेच्या क्रूझचे आरक्षण करताना चर्चा होते ती केबिनला बाल्कनी आहे की नाही याची. बंदरे कोणती, त्यांचा क्रम काय आणि प्रत्येक ठिकाणी जहाज किती तास थांबणार, याकडे मात्र पैसे भरून झाल्यावरच लक्ष जाते आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

सर्वांत महागात पडणारा घोळ व्हिसाचा. भारतीय पासपोर्टवर नॉर्वेला जाण्यासाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठीचा सामाईक व्हिसा लागतो. परंतु उत्तरेकडील स्वालबार्ड हा द्वीपसमूह नॉर्वेच्याच अखत्यारीत असला, तरी तो शेंगेन क्षेत्राबाहेर आहे. त्यामुळे ट्रॉम्सोहून तिकडे जाऊन पुन्हा मुख्य भूमीवर उतरणाऱ्या प्रवाशाकडे एकच प्रवेश देणारा व्हिसा असेल, तर परतताना तो चालत नाही. जहाज साउदॅम्प्टनहून सुटत असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या महिन्यापर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

दुसरी चूक म्हणजे एकाच सहलीत मध्यरात्रीचा सूर्य आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश या दोहोंची अपेक्षा ठेवणे. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील नॉर्थ केपला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही आणि आकाशातील तो प्रकाश दिसायला तर अंधार हवा. जाहिरातीत दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी छापलेली असतात, हा भाग निराळा.

गेइरांगर फ्योर्डसाठीच (फ्योर्ड म्हणजे डोंगरकड्यांमधून आत शिरलेली अरुंद खाडी) ही क्रूझ घेत असाल, तर मार्गपत्रिका जुनी नाही ना, हे तपासावे. या जागतिक वारसा फ्योर्डमध्ये 10,000 टनांहून लहान प्रवासी जहाजांना 1 जानेवारी 2026 पासून शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली आहे, तर मोठ्या जहाजांना 2032 पर्यंत मुदत आहे. आलिशान म्हणून विकली जाणारी काही जहाजे नेमकी लहान गटात मोडतात, हे लक्षात असू द्यावे.

बर्गनमध्ये ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरील रंगीत दर्शनी भिंतींसमोर छायाचित्र काढून परत फिरणे ही तर नित्याचीच चूक. येथे 1360 च्या सुमारास हान्सा या मध्ययुगीन व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी आपली पेढी थाटली आणि उत्तरेकडून येणाऱ्या सुक्या कॉड माशाचा व्यापार हाती घेतला. 1702 च्या आगीनंतर जुन्याच धर्तीवर उभारलेल्या या इमारतींमागे लाकडी फळ्यांच्या अरुंद बोळी आहेत; तेथे एका बाजूला कललेल्या भिंती आणि वर माल चढवण्याची जागा अजूनही पाहता येते. आगीच्या भीतीने वखारींत चूल पेटवण्यास मनाई होती, म्हणून स्वयंपाक आणि उबेसाठी मागे स्वतंत्र सभागृहे बांधलेली होती. एवढे पाहायला किमान दोन तास हवेत, त्यामुळे डोंगरावर नेणाऱ्या केबल रेल्वेच्या रांगेत सकाळ घालवू नये.

होनिंग्सवोग या बंदरावरून स्वतंत्र गाडी करून नॉर्थ केपला जाणाऱ्यांनी परतीचा वेळ सढळ हाताने धरावा. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही. सुटण्याच्या वेळेपेक्षा जहाजावर परतण्याची अंतिम वेळ आधीची असते आणि ती रोजच्या पत्रकात छापलेली असते.

कपड्यांचे म्हणाल तर बर्गनला वर्षाला 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोकणात तो चार महिन्यांत उरकतो, येथे वर्षभर चालतो. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून टोपीचे रेनकोट आणि न घसरणारे बूट हातातल्या सामानातच ठेवावेत.