बाइट मिळाला, बातमी राहिली

व्हिडिओ पत्रकारितेत यायचंय म्हणून भेटायला येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कॅमेरा कुठला घेऊ?’ माझं उत्तरही ठरलेलं. हातातला मोबाइल पुरे, चार पैसे असतील तर बरा कॉलर माइक घ्या. समोरच्याचा चेहरा पडतो. पण थोडं धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो. ज्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही, असा माणूस मात्र तो लगेच अंगठ्याने वर सरकवतो.

आपल्याकडे सवय अशी लागलीय की तोंडासमोर बूम माइक धरला, दोन वाक्यं घेतली, बाइट झाला. म्हणजे काम झालं. पत्रकार परिषदेत ते खपून जातं. पाच-सात मिनिटांची गोष्ट सांगायची असेल तर नुसतं बोलणारं तोंड बघवत नाही. माणूस काय म्हणतो ते नंतर. तो काय करतो ते आधी शोधायचं.

त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, ही फुकटची शाळा आहे. तिथे जाऊन ‘धंदा कसा चाललाय’ विचारलंत तर ‘आता काय पूर्वीसारखं राहिलं नाही’ एवढं नक्की मिळेल. हे उत्तर महाराष्ट्रातला कुठलाही कारागीर झोपेतही देईल. त्यापेक्षा परवानगी घ्या, माइक खिशात ठेवा आणि मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीचे ठोके देत जायचं काम, बघत बसा. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने भांडं जरा जरा फिरवत न्यायचं, घावाशेजारी घाव. नजर हातोडीवर नसते, पुढचा घाव जिथे पडायचा तिथे असते. ही नजर टिपलीत की तुमच्याकडे असं काहीतरी आलं, जे कुठल्याही बाइटमध्ये येणार नाही.

मग शॉट लावा. हातांचा क्लोज, चेहऱ्याचा क्लोज, दोन्ही एकत्र दिसतील असा मिड, खांद्यामागून एक, दुकानासकट गल्लीचा वाइड. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद स्थिर धरा. नवखी मुलं कॅमेऱ्याने झाडू मारतात. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि एडिटला बसल्यावर कापायला जागाच सापडत नाही. हातोडी वाइडमध्ये वर गेली आणि क्लोजमध्ये खाली आली, तर मधला कट कुणाच्या लक्षातही येत नाही. कामाची पुनरावृत्ती होत असते, म्हणून एकच कॅमेरा पुरतो. एकदाच घडणाऱ्या गोष्टीला ही सवलत नाही.

आवाजाचं मात्र तिथे खरं कसब लागतं. माइकची पातळी ऑटोवर ठेवलीत तर ठोका पडला की आवाज दबतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये गल्लीचा गलका फुगून वर येतो. ऑटो बंद करा. बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, ठोके त्याहून कमी पातळीवर वेगळे घ्या. मुलाखत जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या दुकानाला ‘जरा थांबा’ म्हणू नका. त्यांची मजुरी त्या ठोक्यांवरच असते. निघताना अर्धा मिनिट कुणी न बोलता त्या जागेचा नुसता आवाज भरून घ्या, कट सांधायला तोच उपयोगी पडतो.

ट्यूबलाइटखाली शूट करताना फोनवर काळे पट्टे सरकताना दिसतात, ते फोन बिघडल्यामुळे नसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्या तालावर ट्यूब लुकलुकते, आणि बरेच फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेले, म्हणून दोघांचा मेळ बसत नाही. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात.

पुण्यात विषयांना तोटा नाही, तोटा वेगळ्या नजरेचा आहे. पालखी निघाली की दिवे घाटाचा तोच वरून घेतलेला शॉट प्रत्येकाकडे असतो. मुक्कामाच्या रात्री भवानी पेठेत पालखी विठोबा आणि नाना पेठेत निवडुंग्या विठोबा या देवळांच्या आसपास फिरा. वारकऱ्यांच्या चपला शिवून देणारा माणूस सापडला तरी गोष्ट उभी राहते. ड्रोन उडवायचाच असेल तर ड्रोन नियम २०२१ वाचा आणि आधी सरकारी नकाशावर क्षेत्र तपासा. लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, हे शहरात उडवताना विसरून चालत नाही. विसर्जनाच्या दिवशी अलका चौकात नेटवर्क मान टाकतं. फाइल लहान करून पाठवायची तयारी ठेवा आणि गर्दीतून बाहेर पडायची गल्ली सकाळीच बघून ठेवा.

एका गोष्टीत मी हट्टी आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांसाठी पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आणि बाल न्याय कायदाही आहे. चेहरा धूसर केला आणि मागे सोसायटीची पाटी, शाळेचा गणवेश, आईचा आवाज तसाच ठेवला, तर लपवलं काय? एक्स्पोर्ट करण्याआधी अख्खा व्हिडिओ शेजाऱ्याच्या नजरेने बघा.

शिक्षणाचं विचाराल तर पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट आहे. एफटीआयआय या फिल्म आणि टेलिव्हिजन संस्थेची टेलिव्हिजन शाखा आहे, तिथले छोटे अभ्यासक्रमही आहेत. पदवीमुळे दार उघडतं आणि आयुष्यभराचे मित्र मिळतात; हात मात्र कामानेच बसतो. एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सुरुवातीला भरपूर झाली.

पैशांबद्दल मात्र कुणी शिकवत नाही. सुरुवातीला स्टोरीमागे मानधन मिळतं आणि ते उशिराच येतं. एका संस्थेने माझ्याकडून ‘अजून एकच बदल’ म्हणत फिल्म इतक्यांदा फिरवली की शेवटी पहिलीच कॉपी पास झाली. तेव्हापासून साधा मेसेज का होईना, पण लिहून घेतो: शूटचे दिवस किती, बदल किती, कच्चं फुटेज कुणाचं, पैसे कधी. उभ्या व्हिडिओचे पैसे वेगळे सांगायचे. ‘त्यातूनच कापून द्या ना’ असं म्हणणारे भेटतातच. आडव्या फ्रेमच्या दोन टोकांना दोन माणसं बसलेली असली, की उभ्यात मधली भिंत तेवढी येते.