गोचीडतापाची लस: डोस चुकतात ते इथे

दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात गोचीड म्हटलं की माकडताप आठवतो. 2016 मध्ये इथे साथ आली, काजूच्या बागेत जाणारी माणसं तापाने आडवी झाली. तेव्हापासून रानात मेलेलं माकड दिसलं की आरोग्य केंद्राला कळवायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडत गेलं. आता याच भागातली मुलंमुली नर्सिंग, हॉटेल, इलेक्ट्रिकचं काम शिकून जर्मनीची तयारी करताहेत. महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळासाठी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नेमकं हे राज्य आणि शेजारचं बव्हेरिया म्हणजे जर्मनीतल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचे मुख्य पट्टे. तिथे या आजाराला ‘एफएसएमई’ म्हणतात. त्यावर खास औषध नाही. लस मात्र आहे आणि ती उत्तम काम करते. अट एकच, डोस वेळेवर आणि पूर्ण हवेत. मोठ्या माणसांचं अडतं ते इथेच. लहान मुलाच्या लशीची तारीख आशाताई घरी येऊन सांगतात, पंचविशीतल्या माणसाला कुणी आठवण करून देत नाही.

दोन्ही ताप एकच समजणं

माकडतापाचा विषाणू आणि युरोपातल्या मेंदूज्वराचा विषाणू एकाच कुळातले, दोन्ही गोचिडीतून येणारे. पण एकाची लस दुसऱ्यावर चालेल असं धरून चालू नका. जपानी मेंदूज्वराची किंवा बोटीवरच्या नोकरीसाठी घेतलेली पीतज्वराची लसही इथे कामाची नाही.

उलट बाजूची चूक जास्त धोक्याची. जर्मनीत तीन डोस झालेला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि बिनधास्त बागेत शिरतो. त्या डोसांचा दोडामार्गच्या रानात उपयोग नाही. माकडतापाची जुनी लस बंगळुरूच्या सरकारी पशुवैद्यक संस्थेत तयार व्हायची. तिचा परिणाम अपुरा ठरल्यावर कर्नाटकात 2022 मध्ये ती देणं थांबलं. नव्या लशीचं काम आयसीएमआरने हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्ससोबत हाती घेतलं आहे. तोवर डिसेंबर ते मे या काळात रानात जाताना अंग झाकणारे कपडे, आरोग्य खात्याकडून मिळणारं, गोचिडीला दूर ठेवणारं डीएमपी किंवा डीईपीए तेल, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासणं, एवढाच आधार आहे. लस येईल म्हणून तेलाची बाटली कोपऱ्यात ठेवू नका.

‘दोन झाले, पुरे झाले’

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि तिचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकात 2005 ते 2010 या काळातल्या माकडतापाच्या लसीकरणाचा अभ्यास झाला. एकाच डोसवर थांबलेल्यांना लशीचं संरक्षण मिळालंच नाही. दोन डोस घेतलेल्यांत ते साधारण 62 टक्के होतं, बूस्टरही घेतलेल्यांत सुमारे 83 टक्के. लस तीच, गाव तेच, फरक पडला पुढचा डोस घेतल्याने. वेळापत्रक मुळात किचकट होतं: महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे वर्षाला एक. सुई दुखायची, रोजगार बुडायचा आणि लोक गळत जायचे. त्यांना आळशी म्हणणं मला पटत नाही. मजुरी सोडून दरवर्षी रांगेत उभं राहणं सोपं नसतं.

युरोपातल्या लशीचं वेळापत्रक त्या मानाने सोपं आहे. पहिला डोस, एक ते तीन महिन्यांनी दुसरा, आणि तिसरा त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. ही लस दोन नावांनी मिळते: एफएसएमई-इम्यूनमध्ये हे अंतर पाच ते बारा महिने, एन्सेपूरमध्ये नऊ ते बारा महिने. दुसऱ्या डोसनंतर दोनेक आठवड्यांत चांगलं संरक्षण येतं, आणि घात तिथेच होतो. माणसाला वाटतं काम झालं. पण हे संरक्षण फार टिकणारं नसतं, ते पक्कं करतो तिसरा डोस. त्यानंतर तीन वर्षांनी पहिला बूस्टर, मग दर पाच वर्षांनी. वय वाढलं की हे अंतर तीन वर्षांवर येतं. एन्सेपूरमध्ये पन्नाशीपासून, एफएसएमई-इम्यूनमध्ये साठीपासून. मुलाकडे दीर्घकाळ राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तारीख चुकली म्हणून सोडून देणं

तिसऱ्या डोसला उशीर झाला तर तो लगेच घ्या. घेतलेले डोस बहुधा वाया जात नाहीत, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मधल्या काळात संरक्षण कमी असू शकतं, एवढाच त्याचा अर्थ. घाई मात्र वाईट. सुट्टी जुळते म्हणून ठरलेल्या किमान अंतराच्या आधी डोस उरकला तर तो धरला जाईलच असं नाही.

बॅग भरताना लस आठवणं

ही लस आपल्याकडे गावोगावच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे बहुतेकांची सुरुवात तिथे पोचल्यावरच होते. पोचल्यावर आधी खोली, मग भाषेचा वर्ग, मग कामाची पाळी, आणि लस मागे पडते. तिकडच्या गोचिडी साधारण मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत हिंडतात, म्हणून पहिले दोन डोस हिवाळ्यातच व्हायला हवेत. एप्रिल-मेमध्ये पोचलात तर डॉक्टरांना जलद वेळापत्रक विचारा. एफएसएमई-इम्यूनचा दुसरा डोस 14 दिवसांनी देता येतो. एन्सेपूरचे तीन डोस 0, 7 आणि 21 व्या दिवशी देतात, पण मग 12 ते 18 महिन्यांत बूस्टर लागतो. जलद घेतलं म्हणून पुढचं टळत नाही.

जोखमीच्या भागात राहणाऱ्यांचा खर्च तिथला सरकारी आरोग्य विमा सहसा देतो. पैशांच्या भीतीने न विचारता थांबू नका. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, कारण ही लस कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत वाढवलेल्या विषाणूपासून करतात.

कागद हरवणं, आणि रक्त तपासून डोस टाळणं

जर्मनीत लशींची पिवळी पुस्तिका मिळते. प्रत्येक डोसला तारीख, लशीचं नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या, पानाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. घर किंवा डॉक्टर बदलला की आधी कोणत्या नावाची लस झाली हे तोंडी कुणाला आठवत नाही. पहिले तीन डोस शक्यतो एकाच लशीचे असावेत, म्हणून हे नाव महत्त्वाचं.

पुस्तिका हरवली की काही जण रक्तातली प्रतिपिंडं मोजून ठरवू पाहतात. कोकणातल्या माणसाने यावर अजिबात विसंबू नये. डेंगी आपल्याकडे घरोघरी होऊन गेलेला असतो आणि त्याचा विषाणू याच कुळातला. जुन्या डेंगीमुळे किंवा पीतज्वराच्या लशीमुळे ही तपासणी खोटं ‘आहे’ दाखवू शकते. नोंद नसेल तर डोस झाला नाही असं धरून डॉक्टरांशी बोला.

लस झाली म्हणून गोचिडीकडे दुर्लक्ष

तीच गोचीड लाइम नावाचा दुसरा आजारही देते, त्यावर ही लस चालत नाही. चावलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, काडीचा चटका यांतलं काही करू नका. लाइमचे जंतू अंगात जायला सहसा बरेच तास लागतात, म्हणून लवकर काढण्याचा फायदा होतो. मेंदूज्वराचा विषाणू मात्र चावल्यावर लगेच शिरू शकतो. लस नसेल तर चिमट्याने काम भागत नाही, ते याचमुळे. बकरीचं, मेंढीचं किंवा गाईचं न उकळलेलं दूधही तिकडे टाळा, त्यातूनही हा विषाणू येतो. आपल्याकडे दूध उकळण्याची सवय आहे, ती तिथेही चालू ठेवा.

घरच्यांसाठी एक काम. जानेवारी-फेब्रुवारीत मुलीचे पहिले दोन डोस झाले असतील तर एफएसएमई-इम्यूनचा तिसरा जुलैच्या शेवटापासून घेता येतो, एन्सेपूरचा नोव्हेंबर अखेरीपासून. कालनिर्णयावर ती तारीख आजच मांडा आणि गणपतीचं तिकीट काढण्याआधी फोनवर विचारा. एफएसएमई-इम्यून असेल तर विमानात बसण्याआधी डोस उरकू दे. एन्सेपूर असेल तर परत गेल्यावरची डॉक्टरांची वेळ निघण्यापूर्वीच ठरवू दे.