त्वचेचा संसर्ग आणि अँटिबायोटिक: या चुका टाळा

त्वचा लाल, गरम, सुजलेली दिसली की आधी पू आहे का ते बघायचं. औषधाचं नाव नंतर. आयडीएसए या अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं याच प्रश्नापासून सुरू होतात.

गळू गोळ्यांवर जिरवायला जाणं ही सगळ्यात जुनी चूक. पुवाच्या पोकळीत औषध नीट पोहोचतच नाही. चिरा देऊन पू काढणं हाच खरा उपचार. गळू साधं असेल आणि ताप वगैरे नसेल, तर एवढंच पुरे, असं 2014 मध्ये सांगितलं होतं. मात्र आजही तेवढंच धरून बसणं हीसुद्धा चूकच. 2017 साली 5 सेंमीपर्यंतच्या गळवांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. चिऱ्यानंतर क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक घेतलेले सुमारे 83 टक्के, कोट्रायमॉक्साझोल हे दुसरं अँटिबायोटिक घेतलेले 82 टक्के आणि औषध नसलेल्या गोळ्या घेतलेले 69 टक्के रुग्ण बरे झाले. फायदा आहे, पण क्लिंडामायसिनचे दुष्परिणामही जास्त दिसले. नुसत्या चिऱ्यावर दहातले जवळपास सात बरे होत असतील, तर गोळी द्यायची का हे रुग्णाशी बोलूनच ठरवावं, असं मला वाटतं.

पू नसलेला सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेच्या खोल थरांत पसरणारा संसर्ग, बहुधा स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा. गुंतागुंत नसलेल्या रुग्णाला सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक पुरतं. ‘असू दे जोडीला’ म्हणून एमआरएसएचं, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूचं, औषध लिहू नये. मुदत 5 दिवस, सुधारणा नसेल तरच वाढवायची. लाली त्यानंतरही रेंगाळते, आणि तिला घाबरून कोर्स लांबतो. पहिल्याच दिवशी पेनाने लालीची कड आखून ठेवा. पहिल्या दिवसात ती थोडी पुढे सरकली, तर लगेच औषध बदलू नका.

दोन्ही पाय सारखेच लाल? मग संसर्गापेक्षा शिरांच्या दोषाचा संशय आधी घ्या.

तत्त्वं छापून भिंतीवर लावली की काम झालं, हा रुग्णालयांचा लाडका गैरसमज. अमेरिकेतल्या डेन्व्हरमधल्या एका रुग्णालयाने 2014 च्या आधीच स्वतःची तत्त्वं संगणकावरच्या औषधांच्या ऑर्डरमध्येच बसवली आणि डॉक्टरांना त्यांच्या औषध लिहिण्याच्या सवयींचा हिशेब दाखवला. दाखल रुग्णांच्या उपचाराची मध्यक मुदत 13 दिवसांवरून 10 वर आली, आणि उपचार फसण्याचं प्रमाण वाढलं नाही.

लालीच्या मानाने वेदना भलतीच जास्त असेल, त्वचा काळी-जांभळी पडत असेल किंवा रुग्ण ग्लानीत असेल, तर गोळ्यांचा विचार सोडा. सर्जन असलेल्या रुग्णालयात त्याच तासाला पाठवा.