भाचीच्या पीए अ‍ॅडमिशनच्या इंटरव्ह्यूची तयारी

आधी घरच्यांना समजावून ठेव की पीए म्हणजे आमदाराचा पीए नाही, कारण "घरी माहितीये का काय शिकणारेस" असं विचारतात आणि तिथे पोरं ततपप करतात. फिजिशियन असिस्टंट. बारावी सायन्सनंतर साधारण चार वर्षं, शेवटचं इंटर्नशिपचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पेशंटची हिस्टरी घ्यायची, तपासायचं, राउंडच्या नोट्स, डिस्चार्ज समरी, ऑपरेशनला असिस्ट. मी बायपासला पायातली व्हेन काढून देते आणि तरी सासूबाई शेजारी सांगतात सून नर्स आहे, असो.

मग तो प्रश्न येणारच, डॉक्टर का नाही. पाठ केलेलं बोलू नको. नीटला मार्क कमी पडले तर सरळ सांग कमी पडले. मी माझ्या वेळी फेकलं होतं की लहानपणापासून पीएच व्हायचं होतं, समोरचे सर हसून म्हणाले, लहानपणी हा शब्द कुठे ऐकलास बाई? पण नुसतं "नीट झाली नाही" वर थांबलीस तरी गेलीस, त्यांना वाटतं ही पुढच्या वर्षी परत नीट देऊन पळणार. त्यापुढचं वाक्य लागतं, की शेवटचा निर्णय दुसऱ्याचा असतो असं काम तुला आयुष्यभर चालेल का आणि का चालेल. हे मी सांगून उपयोग नाही, इथे नाशिकला सोमेश्वरच्या देवळात जाऊन बस हवं तर एक संध्याकाळ आणि ठरव.

कारण बाकीचे प्रश्न फिरून तिथेच येतात. उदाहरणार्थ रात्री दोनला पेशंटचं बीपी पडतंय, सर फोन उचलत नाहीत, मुलगा ओरडतोय की तुम्हीच द्या ना काहीतरी. इथे सगळे हिरो होतात. त्यांना ऐकायचं असतं की तू पेशंटजवळ थांबशील, सिस्टरला हाक मारशील, श्वास-पल्स बघशील, आयसीयूच्या डॉक्टरांना बोलावशील, कोणाला किती वाजता फोन केला ते लिहून ठेवशील, आणि स्वतःच्या मनाने डोस देणार नाहीस. नातेवाईक "डॉक्टर, डॉक्टर" म्हणत असतील तर मी डॉक्टर नाही हे सांगशील का, हेही विचारतात. सांगायचंच.

दोन-तीन दिवस ओळखीच्या डॉक्टरांकडे ओपीडीत नुसती बसून ये, कॉलेज रोडला असो की पंचवटीत. मग "काय पाहिलंस" म्हटल्यावर एक पेशंट नीट आठवून सांगता येतो (नाव सोडून). आणि मराठीत समजावायची प्रॅक्टिस कर. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या आजीला बीपीची गोळी बरं वाटलं तरी का सोडायची नाही, हे एकही इंग्रजी शब्द न वापरता सांगून बघ, घाम फुटतो.

इतिहास थोडाच. 1965 ला अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत डॉ. युजीन स्टेड यांनी नेव्हीतल्या चार माजी वैद्यकीय मदतनिसांना घेऊन पहिली बॅच सुरू केली. भारतात 1992 ला चेन्नईत, डॉ. के. एम. चेरियन यांच्यामुळे. 2021 चा अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा (थेरपिस्ट, टेक्निशियन वगैरेंसाठीचा) कायदा माहीत असू दे, आपलं काम त्यात येतं. बास.

कागदं: दहावी-बारावीच्या मार्कशीट, एलसी, डोमिसाइल, कास्टचं असेल तर ते, आधार, फोटो, ओरिजिनल आणि झेरॉक्सचे तीन सेट. नीटसाठी वर्ष गेलंय ना, मग गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट आत्ताच करून टाक, आदल्या दिवशी सेतूत रांग लावू नको. मुंबईला दहाचा स्लॉट असेल तर पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नको, आदल्या रात्रीच आत्याकडे जा.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतील तेव्हा मान हलवून नाही म्हणू नको. पोस्टिंग कुठल्या डिपार्टमेंटला किती महिने, इंटर्नशिपला स्टायपेंड आहे का, कॉलेज कुठल्या युनिव्हर्सिटीला जोडलंय हे विचार. फी भरून नंतर कळण्यापेक्षा बरं.

आणि नखं काप, नेलपेंट काढ. ओटीत चालत नाही, आणि ते हाताकडे बघतात.